उजव्या छातीवरची पदकं

आम्हा रिटायर फौजींचा कट्टा म्हणजे कागलच्या एसटी स्टँडसमोरचं चहाचं हॉटेल. चार फौजी बसले की किस्से साचत जातात. निम्मे खरे, निम्मे थापा. पण गेल्या इलेक्शनचे किस्से निघाले की आम्ही अजून आवाज खाली घेतो. फौजी आवाज खाली घेतो म्हणजे बघा!

जिल्हा परिषदेला उभे राहिलेले रणजितराव पोस्टरवर चक्क युनिफॉर्ममध्ये! खाली लिहिलेलं, 'बर्फात लढलेला जवान, आता तुमच्यासाठी मैदानात.' माझ्याच पलटणीतला निजामभाई चष्मा सरकवून म्हणाला, "मर्दा, पदकं उजव्या छातीवर हैत की!"

मी खो खो हसलो. स्वतःची पदकं डावीकडं लावतात. उजवीकडं लावायची ती मेलेल्याची, त्याच्या घरच्यांनी.

*

रणजितराव प्रचाराला हॉटेलात आले. निजामभाईनं विचारलं, "साहेब, तुमचा आर्मी नंबर काय?" फौजी एकवेळ बायकोचं नाव विसरेल, नंबर नाही. त्यांनी खाडकन म्हणून दाखवला.

निजामभाईचा चहा बशीत सांडला. तो नंबर बसाप्पाचा होता. गडहिंग्लजकडचा, कानडी घरातला बसाप्पा, आमच्याच चौकीवरचा. बर्फाखाली गेला, तो सापडलाच नाही.

"ह्यानं नंबर कुठंतरी वाचला आसंल," मी म्हणालो.

"कुठं?" निजामभाई म्हणाला.

*

वारणानगरला रणजितरावांचे सख्खे मामा राहतात. त्यांना गाठलं.

"फौज? आवो, भरतीत छाती भरली न्हाय त्येची! समदी वर्सं माझ्यासंगं साखर कारखान्यात काढली. त्येनं बर्फ बघितला आसंल तर उसाच्या रसातला!"

पोट धरून हसलो आम्ही. निघताना मामा हळूच म्हणाले, "पर पावणं, औंदा मे महिन्यात बी दोन घोंगडी घिऊन झोपतोय. जरा ईचारा की त्येला."

*

गडहिंग्लजला रणजितरावांच्या पक्षाची सभा होती. दुपारचं टळटळीत ऊन. स्टेजवर चढण्याआधी रणजितरावांनी पायरीवर एक पाय आपटला, मग दुसरा. बंकरमध्ये शिरताना बुटांचा बर्फ आम्ही असाच झाडायचो.

त्यांच्या पायांत कोल्हापुरी चपला होत्या!

*

सभा संपल्यावर आम्ही त्यांना बाजूला घेतलं. मामांचं नाव काढताच ते खाली बसले. "खोटं बोललो. पोस्टर काढतो. पर त्यो नंबर माझ्या तोंडात आपोआप आला, शप्पत!"

"ज्याचा नंबर सांगितला, त्याच्या बायकोची माफी मागा," मी म्हणालो. ते निमूट गाडीत बसले.

बसाप्पाची बायको शांताक्का अंगणात शेंगा फोडत होती. आम्ही सगळं सांगितलं. रणजितराव हात जोडून उभे. तिनं त्यांच्याकडं निरखून बघितलं. "माफी ऱ्हाऊ द्या. फौजी हायसा न्हवं? मग सांगा, रजा संपवून जाताना आमचं मालक उंबऱ्यावर काय म्हणालं? मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाय."

रणजितरावांना कानडीचं अक्षर येत नाही. ते मान खाली घालून म्हणाले, "बागिला हाकब्याड. ना बरतीनी."

दार लावू नकोस. मी येतो.

मग दचकून त्यांनी माझा दंड धरला. "हवालदार, मी आत्ता काय बोललो?"

शांताक्कानं मांडीवरच्या शेंगा खाली ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आमच्याकडं न बघता म्हणाली, "तुमी जावा आता. ह्यांस्नी ऱ्हाऊ द्या."