ओल्या गोधडीचा मिस्त्री

तो तोंडात घोटभर पाणी घ्यायचा, गाल फुगवायचा आणि चालू इंजिनावर फुर्रकन सोडायचा. इस्त्रीवाला कपड्यावर सोडतो ना, अगदी तसं. मग कान टवकारून म्हणायचा, "हं, आता बोल." आणि तुम्हाला सांगतो, इंजिन बोलायचं. मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं आहे.

ढाणकीच्या बाजारात विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. दुकान कसलं, आत मिस्त्री शिरला की पंप बाहेर ठेवावा लागे. गिऱ्हाईक आलं की आपल्या पंपाची कहाणी मेहुण्याच्या लग्नापासून सुरू करी. मिस्त्री हात वर करायचा. "काय झालं ते नोको सांगू. कवा झालं ते सांग."

एकदा एक शेतकरी आला. म्हणाला, पंप बंद पडतो.

"कवा?"

"रोज साडेअकराले."

"साडेअकराले विहिरीवर कोण येते?"

शेतकऱ्यानं डोकं खाजवलं. "म्हैस येते पाण्यावर. स्टार्टरच्या पेटीच्या खांबाले आंग घासते."

"मंग पंप चांगला हाय. म्हैस बांध."

दुकानातून न उठता, पान्याला हात न लावता केलेली दुरुस्ती! अशा माणसाच्या गावात आपण राहतो याचा मला तेव्हापासून गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय त्याचं सांगता येत नाही. मी धरणावरच्या आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. संस्था लहान, म्हणून बोट हाकणाराही मीच. बोटीच्या मागे अडकवायची मोटर संस्थेनं कोकणाकडून जुनी आणलेली. किती जुनी? मला विचाराल तर शिवाजी महाराजांच्या आरमारात ती उमेदवारी करत असावी. दोन सिलिंडर, एक दोरी, आणि ओढणाऱ्याचा खांदा निखळेल एवढा ताठा.

धरणापलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. रस्त्यानं यायचं तर पाण्याला वळसा घालून अर्धा दिवस जातो. बोटीनं वीस मिनिटं. तांड्यातली शाळेची पोरं रोज सकाळी माझ्या बोटीनं येत. त्या वर्षी त्यांत दहावीच्या सहा पोरी होत्या. त्या तांड्यातून दहावीला बसणाऱ्या पहिल्याच पोरी.

आणि त्याच हिवाळ्यात मोटर मिसिंग मारायला लागली. सकाळी धुक्यात निघालं की एक सिलिंडर चाले, दुसरं खोकत बसे. मग फट, फट, फुस्स, आणि धरणाच्या बरोबर मधोमध सगळं शांत. एका सकाळी आम्ही तासभर तसेच तरंगत राहिलो. पोरींनी डब्याच्या झाकणांनी पाणी मारत बोट काठाला आणली. त्यांतली सगळ्यात तोंडाळ पोरगी म्हणाली, "सचिवकाका, पेपर इथंच मधात देऊन टाकू का? मासोळ्या नक्कल करू देतीन."

मी हसलो आणि मनात दिवस मोजले. परीक्षेला आठ दिवस होते, आणि त्या वर्षी थंडी हलायचं नाव घेत नव्हती.

तीन मेकॅनिक येऊन गेले. एकानं प्लग बदलले, एकानं कार्बोरेटर धुतला, तिसऱ्यानं चोकची तार ताणली. तिघेही आले चहा-नाश्ता करून, अकराच्या उन्हात. त्यांना पाहिलं की मोटर अशी गुणाची व्हायची, जणू पाहुणे मुलगी पाहायला आले आहेत. पहिल्या दोरीला सुरू! दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच खोकणं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "शनिवारपर्यंत सुधरली तर ठीक. नाही तं मोटर भंगारात. लोकायची लेकरं मधात बुडवाले बसलो का आपण?" तांड्याच्या नायकानंही निरोप धाडला, बोट नसेल तर पोरी घरी राहतील. म्हणजे सहा पोरींची दहावी त्या एका खोकणाऱ्या सिलिंडरवर अडकली होती.

मी मिस्त्रीकडे गेलो. अध्यक्ष मागून म्हणालेच, "तो विहिरीवरचा मिस्त्री, त्याले बोटीतलं काय समजते?"

"कवा?" मिस्त्रीनं विचारलं.

"सकाळी. थंडीत."

"दुपारी?"

"दुपारी देवासारखी चालते."

"अन् पावसाळ्यात?"

मी आठवून सांगितलं. खरंच, श्रावणात झड लागली तेव्हाही दोनतीनदा खोकली होती.

"मंग थंडीचं नाव कायले घेऊन राह्यला, सचिवभाऊ? पावसाळ्यात कुठची थंडी?" तो उठला. "उद्या दिवस निघाच्या आंधी येतो. मी येईपर्यंत तिले कोणी हात लावजा नोको. बिमार माणूस बिमारीत पाह्यला पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर आला तेव्हा धरणावरून वाफा निघत होत्या. मोटरजवळ गेला आणि उभाच राहिला. मोटरीवर एक गोधडी गुंडाळलेली होती. चांगली जाड, लुगड्याच्या काठाची, सुतळीनं आवळून बांधलेली. त्यानं ती सोडली आणि पिळली. पाण्याची धार लागली. रात्रभराचं सगळं दव त्या गोधडीनं पिऊन ठेवलं होतं.

"कोणाची हे?"

मी धरणाकडे पाहिलं. धरण त्या दिवशी फार सुंदर दिसत होतं.

"सचिवभाऊ, कोणाची?"

"संस्थेची," मी म्हणालो.

खरं सांगून टाकतो. गोधडी माझी होती. मोटरीला थंडी बाधते म्हणून रोज संध्याकाळी मीच तिला पांघरूण घालत होतो. जितकी ती जास्त खोकायची, तितकी मी घट्ट बांधायचो. आणि मेकॅनिक येण्याआधी ती सोडून वाळत टाकायचो, कारण संस्थेच्या मोटरीला घरची गोधडी शोभत नाही.

मिस्त्रीनं मोटरीचं टोपण काढलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं आतल्या वायरी कोरड्या केल्या आणि दोरी ओढली. त्या गारठ्यात, त्या धुक्यात, मोटर दुसऱ्या ओढीला सुरू झाली. दोन्ही सिलिंडर एका सुरात.

मग त्यानं ओंजळीनं धरणाचं पाणी तोंडात घेतलं. एका प्लगच्या वायरीवर फुर्र. काही नाही. दुसऱ्या वायरीवर फुर्र. मोटर खोकली.

"बोलली!" तो ओरडला. "अशी ये, माय."

मी वाकून पाहिलं. वायर जिथे पट्टीखाली दबली होती तिथे केसाएवढी चीर होती, आणि त्या चिरेतून निळी ठिणगी बाजूच्या लोखंडावर उडत होती. अंधुक होतं म्हणून दिसली. अकराच्या उन्हात कोणाच्या बापालाही दिसली नसती. ओल आली की करंट प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळे. गरम होऊन ओल वाळली की मोटर पुन्हा शहाणी.

त्यानं जुन्या स्कूटरची हातभर वायर खिशातून काढली आणि ती जोडली. मग सगळ्या इंजिनावर तीनदा फुर्र केलं. मोटर अडखळली नाही की खोकली नाही.

"मजुरी?" मी विचारलं.

"हे देजा." त्यानं गोधडी सायकलच्या कॅरिअरला लावली. "घरी राह्यली तं तुम्ही पुन्हा पांघरान. तिले वारं लागू द्या."

पहिल्या पेपरच्या सकाळी तो न बोलावता आला. पोरींना आणायला पलीकडे जाताना बोलत होता. परत निघालो आणि पोरी चढल्या तेव्हा मात्र त्यानं ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि मोटरीवर हात ठेवून बसला. धुकं असं की बोटीचं पुढचं टोक दिसत नव्हतं. सहा पोरी पुटपुटत मराठीच्या कविता घोकत होत्या.

"मिस्त्रीबाबा, तोंडात काय हाय?" तोंडाळ पोरीनं विचारलं. मिस्त्रीनं मान हलवली. "तंबाखूचा नस नाही घातला ना?" पोरी हसल्या. मिस्त्रीचे गाल हलले, पण पाणी सुटलं नाही.

धरणाच्या मधोमध आलो. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मोटरीकडे पाहिलं, मग पोरींकडे. मोटर एका सुरात चालली होती. काठ आला. पोरी उड्या मारून उतरल्या, पळत शाळेकडे गेल्या, आणि मिस्त्रीनं ते पाणी गिळून टाकलं.

"हे काय केलं?" मी म्हणालो.

"मधात एकदा फुर्र करून पाह्याचं होतं. शेवटची तपासणी." तो तोंड पुसत म्हणाला. "भेव वाटलं ना, बाप्पा. एवढ्या लेकी बसल्या होत्या."

साऱ्या ढाणकीच्या पंपांना ज्यानं कधी सूट दिली नाही, त्यानं त्या दिवशी एका मोटरीला विश्वासावर पास केलं. सहाही पोरी पास झाल्या.

मिस्त्री आता नाही. गेल्या पावसाळ्यात गेला. मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो त्या दिवशी उघडीप होती, आणि माझी गोधडी अंगणातल्या तारेवर होती. खडखडीत वाळलेली.

मोटर अजून चालते. दरवर्षी दहावीच्या पहिल्या पेपराला, पोरी चढल्या की मी ओंजळभर पाणी तोंडात घेतो आणि मोटरीवर हात ठेवतो. पोरी विचारतात, "सचिवकाका, आज गप्प काहून?" मी मान हलवतो. काठ आला की गिळतो. मी, वीस मिनिटं, एक शब्द न बोलता. माझ्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका हवं तर. ही मात्र त्या पोरींना विचारा.