भिसे खिंडीत गाडी थरथरली नाही

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी मी करमणूक म्हणून वाचतो आणि झोपतो. रोह्याला धाटावच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो. मोजता येईल तेच खरं, अशी कामाची सवय. त्यामुळे हे लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं.

माझ्याकडे जुन्या धाटणीची, लांब पल्ल्याची मोटरसायकल आहे. सेकंडहँड घेतली, त्याला आठ वर्षं झाली. गोल हेडलाइट, क्रोमची टाकी, रुंद सीट. साठच्या स्पीडला टॉप गिअरमध्ये ती जो ठोका धरते, त्यासाठी माणूस बाकी सगळं सोसतो. आणि सोसायला भरपूर आहे! एकशे नव्वद किलोचं धूड, उतारावर पार्क केलं तर मागे ओढायला दोन माणसं लागतात. ॲव्हरेज बत्तीसच्या वर कधी गेलं नाही. आणि मुख्य म्हणजे थरथर. नंबरप्लेट दोनदा तुटली. आरशात मागचं काहीही दिसत नाही, नुसता रंगीत धूर दिसतो. दर रविवारी मी पाना घेऊन बसतो आणि आठवडाभरात सैल झालेले नट आवळतो. आमचा मेकॅनिक नझीर म्हणतो, "साहेब, ही थरथरत नाय म्हंजे बंद हाय, असं समजायचं."

आमची गणपतीची मूर्ती जोह्याच्या एका कारखान्यातून येते. बायकोचं, सुजाताचं, माहेर पेणचं. तिच्या वडिलांपासूनची ही रीत. आपला पाट आधी नेऊन द्यायचा, त्या पाटावरच मूर्ती बसवून मिळते. रोह्यापर्यंत ती माझ्या मेहुण्याच्या व्हॅनमधून यायची. गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मोटरसायकलने जोह्याला पोचलो आणि मेहुण्याचा फोन आला — डोलवीला त्याची शिफ्ट अचानक बदलली, व्हॅन घेऊन तो कामावर गेलेला. हायवेला वाहनांची रांग लागलेली. रिकामा टेम्पो मिळेना. एसटीत पाय ठेवायला जागा नाही.

"मोटरसायकलवर नेऊ," मी म्हणालो.

कारखान्यातल्या काकू डोळ्यांची आखणी करत होत्या. त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "ह्या फटफटीवरून? दादा, ही शाडूची हाय, पीओपीची नाय. हादऱ्यानं तडा जाईल. काय गो सुजाता, समजाव की घरवाल्याला!"

"आठ वर्षं समजावतेय, काकू," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "उद्या प्रतिष्ठापना आहे. मूर्तीला केसाएवढा जरी तडा गेला, तरी ती पुजता येणार नाही. तसं झालं ना, तर विसर्जन आधी या गाडीचं करीन."

ती हसत नव्हती. लग्नानंतर एकाही वर्षी आमच्या घरचा पाट रिकामा राहिला नव्हता. सवा फुटाची मूर्ती, वजन जवळपास सात किलो. सुजाताने ती मांडीवर घेतली, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि पाटाला दोन्ही हातांनी धरून बसली. मी किक मारली. ठोका नेहमीसारखाच वाजला.

वडखळ मागे पडल्यावर मागून आवाज आला, "अहो, गाडी बंद पडली का?"

"बंद पडली असती तर पुढे कशी गेली असती?"

"मग हलत का नाही?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हॅंडल स्थिर होतं. तळपायाला मुंग्या नव्हत्या. आवाज तोच, धडधड तीच, पण कानालाच. अंगाला काही नाही. आरशात पाहिलं तर मागच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या मिशा दिसल्या! आठ वर्षांत पहिल्यांदा.

नागोठणे सोडलं, भिसे खिंड लागली. खड्डे होते, त्यांत गाडी खाली-वर होत होती, ते काही टळलं नाही. पण ती बारीक थरथर... ती नव्हतीच. खिंडीच्या चढावर तर ही गाडी एरवी दात वाजवते.   बोललो तर काहीतरी मोडेल असं वाटत होतं.

दारात शेजारच्या वहिनींनी ओवाळलं. सुजाता मूर्ती घेऊन उतरली. तिने पायरीवर पाय ठेवला आणि माझ्या हाताखाली हॅंडल थरथरू लागलं. इंजिन मी बंदच केलं नव्हतं. आरशात पुन्हा धूर.

आत रुमाल काढला. कानाची पाळी, सोंडेचं टोक, बोटं — सगळं बॅटरीच्या उजेडात तपासलं. कुठे ओरखडाही नाही. सुजाताने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

पुढे मी प्रयोग केले. सात किलो तांदळाची पिशवी सुजाताच्या मांडीवर देऊन त्याच खिंडीत नेलं. तिला चक्कर यायची वेळ आली. पेट्रोल तेच, टायरमधली हवा तीच. नझीरने इंजिनचे सगळे बोल्ट पाहिले आणि माझ्या कपाळाला हात लावला. "ताप नाय तुमाला," म्हणाला.

पाचव्या दिवशी विसर्जन. नदीवर जायला सुजाता मूर्ती घेऊन आपणहून मोटरसायकलवर बसली. जाताना गाडी शांत. कुंडलिकेत निरोप दिला. परत येताना पाटावर नदीची ओली वाळू आणायची असते, तिचा छोटा ढीग करून ती मागे बसली. घरी आलो तेव्हा ढीग राहिलाच नव्हता. वाळू पाटभर पसरलेली, निम्मी तिच्या साडीवर. मी काही बोलणार, तोच ती साडी झटकत हसायला लागली. डोळे मात्र भरले होते. "गेले हो खरंच," एवढंच म्हणाली.

कारण मला अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा, तपासून पाहीन. यंदा मेहुण्याने रजा टाकतो म्हणून कळवलं होतं. मी 'बरं' म्हणायच्या आत सुजाताने फोन घेतला. "व्हॅन नको रे," ती म्हणाली, "आमची आम्ही आणतो."