आजीचे खोके

पोशेऱ्याच्या फाट्यावर एसटी आली तेव्हा बा कुडाच्या भिंतीसाठी तोडलेला कारवीचा भारा डोक्यावर घेऊनच मला निरोप द्यायला आला होता. भारा खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी झालेली. नवरा ठाण्यात टेम्पो चालवायचा आणि मी जव्हारच्या पलीकडे कधी गेले नव्हते. बस वावर-वांगणीकडच्या माणसांनी भरलेली. वीटभट्टीवर निघालेली बिऱ्हाडं, पातेली, टोपलीत कोंबड्या. बा एवढंच म्हणाला, "तठं गेलीस का आधी चूल पेटव. धूर दिसला का माणसां येतात." बस हलली तशी आय तोंड फिरवून उभी राहिली.

ठाण्यात गॅस होता. धूर नाही, माणसंही नाहीत. तिसऱ्या माळ्यावर आमची भाड्याची खोली. दार लावलं की दिवस संपला. मी हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी झाले. ड्युटी, सोसायटी, मेंटेनन्स हे शब्द तोंडात बसले. तुम्ही गावची माणसं फोनवर "कशी हायेस" विचारायचात, मी "मजेत" म्हणायची. पण शेजारणीचं नाव कित्येक वर्षं मला ठाऊक नव्हतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांना ते न सांगताच कळलं असेल.

बा गेला आणि त्या होळीनंतर भावाला विचारून मी आयला ठाण्याला घेऊन आले. तिनं गाठोड्यात दोन लुगडी आणि बांधावरून उकरलेले करटोलीच्या रानवेलाचे कंद आणले. भाकर अर्धी टाकून उठायची. बाजारची भाजी तिला नुसती पाणी लागायची. दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. संध्याकाळी मी ड्युटीवरून आले की एकच बोलणं, "मना घरी धाड." तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा मी घाबरले.

तळमजल्यावर साळवीताई राहायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी चार-पाच बायकांना जमवून गच्चीवर मासळीबाजारातल्या थर्मोकोलच्या खोक्यांत भाज्या लावल्या होत्या. घराघरातली सालं-देठं कुजवून त्याचंच खत. मी ऐकून होते, वर कधी गेले नव्हते. एका रविवारी आयला हाताला धरून नेलं. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "ही जमीन कोणाची?"

"कुणाचीच नाही, आजी," साळवीताई हसल्या. "हे खोके तुमचे. लावा काय लावायचं ते."

आयनं कंद लावले, चवळी लावली, अंबाडी लावली. त्या रात्री तिनं दुसरी भाकर मागून घेतली.

पाऊसकाळ जवळ आला आणि नोटीस लागली. गच्चीखालच्या निकमकाकांच्या छतातून दर वर्षी पाणी गळायचं, वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं. गच्ची मोकळी करायची होती. खोके जिन्यात ओळीनं येऊन पडले. आय त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आता मना धाडच."

साळवीताईंनी मात्र पदर खोचला आणि दारं वाजवायला सुरुवात केली. ज्यांना मी नावानं ओळखत नव्हते त्या बायका बाहेर आल्या. कुणी एक खोका उचलला, कुणी दोन. शेजारच्या शबानानं माझ्या गॅलरीला लागून असलेल्या तिच्या ग्रिलमध्ये जागा केली. निकमकाका दारात उभे होते, जरा ओशाळलेले. म्हणाले, "दोन माझ्या खिडकीत ठेवा. पण पाणी घालायला आजींनीच यायचं. मला त्यातलं काही कळत नाही."

म्हणून आयला दुसऱ्यांचे उंबरे ओलांडावे लागले. सकाळी तांब्या घेऊन निघायची ती दुपार करून यायची. हिंदी येत नव्हतं, तरी शबानाच्या सासूशी तास तास बोलायची. काय बोलत होत्या ते देवालाच माहीत. घराघरातल्या खबरी मला आता आयकडून कळायला लागल्या.

श्रावणात करटोलीला फुलं आली. घोटाळा एवढाच की मादीवेल शबानाकडे आणि नरवेल निकमकाकांकडे, तीन माळे वर. साळवीताईंनी दाखवलं, नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला लावायचं. आयनं पदर तोंडाला लावला. "म्हंजे नवरा मीच उचलून न्यायचा?" संध्याकाळी निकमकाका स्टीलच्या ताटलीत पिवळी फुलं घेऊन जिना उतरले, मागून आय, आणि मजल्यामजल्यावर बायका दारात हसत उभ्या. फळं धरली तेव्हा शबानानं कांदा घालून भाजी केली आणि सगळ्या घरांना पाठवली. वाट्याला दोन-दोन फोडीच आल्या. आय वाटी बोटानं पुसून खात होती.

गच्चीचं काम संपलं, तरी निम्मे खोके वर गेलेच नाहीत. लोक देईनात.

नवं भात निघालं तेव्हा आम्ही पोशेऱ्याला आलो होतो, आठवत असेल. पडवीत मी तांदूळ निवडत बसले होते. शेजारची जनीमावशी आयला म्हणाली, "कसा जीव लागतो तुझा तठं? तठली माणसां दारां लावून बसतात."

"आमच्या बिल्डिंगीत नाय बसत," आय फटकन म्हणाली.

माझा हात सुपात तसाच राहिला. मी इतकी वर्षं तिथं राहिले, पण आमची बिल्डिंग असं एकदाही म्हणाले नव्हते. नेहमी म्हणायची, ठाण्याची खोली.

दुसऱ्या दिवशी भावानं विचारलं, "कधी निघायचं?" मी म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं घरी जाऊ." शब्द निघून गेल्यावर कळलं, मी बाच्या पडवीत बसून हे बोलले. जरा चपापून वहिनीकडे पाहिलं.

वहिनी आमच्यासाठी नव्या तांदळाची पिशवी बांधत होती. गाठ मारता मारता, मान वर न करता तिनं विचारलं, "मंग परत घरी कधी येशील?"