बारा वॅट आत, अर्धा बाहेर

उंद्री गावात उकंडरावांना बायकोशी बोलायचं झालं तर आधी खटका दाबावा लागे आणि मग अर्धा मिनिट थांबावं लागे. व्हॉल्व्हच्या काचेतली तार लाल झाल्याशिवाय यंत्रातून आवाज निघत नसे. अर्ध्या मिनिटात चांगला तापलेला माणूस निवतो, आणि काय बोलायचं होतं तेही विसरतो.

गडी हुशार होता, यात वाद नाही. लढाईच्या काळात सहा वर्षं पलटणीत वायरलेसच्या दुरुस्तीवर होते. परमुलखातल्या छावणीत पडल्या पडल्या मनकर्णाबाईंना सांगायच्या गोष्टी ते मनात साठवत राहिले. घरी परतले तेव्हा बाई चुलीपुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. उकंडरावांनी दारातून हाक मारली, पुन्हा मारली. बाईंनी मान वळवली नाही. मागं हिवतापात कोयनेलच्या गोळ्या जास्त झाल्या आणि त्यांचे कान गेले, हे कोणी कळवलंच नव्हतं. पत्र लिहिणारा भाऊबंद दर खेपेला ‘इकडे सर्व खुशाल’ एवढं खरडून मोकळा होई.

मूलबाळ नव्हतं. दोन माणसांचं घर खाणाखुणांवर चालू लागलं. बोट दाखवलं की भाकर, मान हलवली की पाणी. वर्षभरातच उकंडरावांचा जीव मेटाकुटीला आला. अकोल्याला पलटणीचं भंगार विकायला निघालं, तेव्हा ते व्हॉल्व्ह, माईक आणि हेडफोन घेऊन आले. लाकडी खोक्यात सगळं जुळवलं, सहा व्होल्टची बॅटरी जोडली, माईक ओसरीच्या खांबाला टांगला आणि हेडफोन बाईंच्या कानांवर चढवून म्हणाले, “जेवली का?”

“एवढ्या जोरानं काऊन वरडता?” बाई म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या.

त्यानंतर हेडफोन त्यांच्या कानांवरून उतरेना. दहा हात वायर मागं ओढत त्या दळण निवडत, सरकी काढत. उकंडरावही खुशीत होते. अडचण एकच, बॅटरी तिसऱ्या दिवशी मान टाकायची. शेजारचे पुंजाजी बाजाराच्या दिवशी चिखलीला गाडी जुंपत, ते ती गिरणीच्या इंजिनावर भरून आणत. तोवर घर पुन्हा मुकं.

तेव्हा उकंडराव पाटी घेऊन बसले. सहा व्होल्ट, दोन अँपिअर, म्हणजे बारा वॅट आत जातात. आवाज होऊन बाहेर किती पडतो, तर मोठ्यानं बोललं तर अर्धा वॅट. शंभरात जेमतेम चार! बाकीचे साडेअकरा नुसते काचा तापवण्यात जातात. उकंडरावांना हे फार लागलं. त्यांनी आवाज बारीक केला आणि मीटर पाहिलं. काटा दोनावरच. बोलणंच थांबवलं, तरी काटा दोनावर. त्या यंत्राची जातच तशी. बोला नाहीतर मुके बसा, ते आपले बारा वॅट खाणारच. म्हणजे गप्प बसण्यातून हाती काय आलं? पाटीवर त्यांनी मोठं शून्य काढलं.

एका भरण्यात बॅटरी वीस तास चाले. दोन दिवस घड्याळ लावून त्यांनी दोघांचं बोलणं मोजलं. दिवसाला सतरा मिनिटं भरली. पलटणीत सहा वर्षं साठवलेलं सगळं सतरा मिनिटांत कसं काय उरकत होतं, हा प्रश्न मात्र या शहाण्याला पडला नाही. तेवढीच सतरा मिनिटं यंत्र चालवलं तर एक भरणं दोन महिन्यांवर जातं, हे पाहून तो हरखला.

“बोलनं नसन तवा बंद ठेवत जाय,” त्यांनी बाईंना सांगितलं. “उगंच बॅटरी उतरते.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “हाव,” म्हणाल्या आणि हेडफोन काढून खुंटीला लावला.

पुढं सतराची दहा झाली, दहाची चार. खटका दाबायचा, तार लाल व्हायची वाट पाहायची आणि मग ‘मीठ जास्त झालं’ म्हणायचं, हे कोणाच्याही जिवावर येतं. दिवाळीनंतर खोक्यावर धूळ बसली. बॅटरी भरलेली, हिशोब चोख आणि घरात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. आग लागो असल्या चोखपणाला!

चैतात एका दुपारी उकंडरावांना आठवलं, बॅटरी नुसती ठेवली की खराब होते. त्यांनी धूळ पुसली, खटका दाबला आणि पहिल्यांदाच हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. बाई ओसरीत खांबापाशी हरभरा पाखडत होत्या, पाठमोऱ्या. आधी नुसती सूं सूं आली. मग चिमण्या, सुपाचा आवाज, आपल्याच पायाखालची सरकलेली पाटी. आणि मग अगदी हलका, ओठांतल्या ओठांतला मनकर्णाबाईंचा आवाज. त्यांचे ओठ हलताना उकंडरावांनी कैकदा पाहिले होते. देवाचं नाव घेत असेल, असं त्यांना वाटे.

“लिंबाले मोहर आला, तुमाले वास आवडते त्याचा... पाठ लय दुखून राह्यली, कोनाले सांगू... खोकतानी छाती उडते तुमची, काढा करून देतो आज...”

उकंडरावांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला. सतरा मिनिटं दोघांच्या बोलण्याची. यंत्र चालू असे तेव्हा बाकी सारा दिवस बाई त्यांचा खोकला, त्यांची पावलं, बाजेचं करकरणं ऐकत असत, आणि हे असं बोलत असत. घरात माणूस आहे, एवढं त्यांना त्यातून कळे. पाटीवर त्याच जागी त्यांनी शून्य काढलं होतं.

ते वायर सोडवत ओसरीत गेले, हेडफोन बाईंच्या कानांवर चढवला आणि माईक तोंडाशी धरला. “आता चालूच राहू दे. बोलनं नसलं तरी राहू दे.”

बाईंनी ऐकून घेतलं. “काही काम होतं का?”

उकंडरावांनी नाही म्हणून मान हलवली.

“मंग राहू द्या,” त्या म्हणाल्या. दोन्ही हातांनी हेडफोन काढून त्यांनी तो नवऱ्याच्या हाती जपून दिला. “उगंच बॅटरी उतरन.”

त्यांनी सूप उचललं आणि पाठ फिरवली. थोड्या वेळानं त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले. उकंडरावांनी माईक खांबाला टांगला, हेडफोन कानांना लावला आणि बॅटरी उतरेपर्यंत ऐकत बसले.