यमाच्या शिंगातला माइक

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, मिलच्या माग खात्यात विणकर होता आणि कामगारांच्या नाटकमंडळीत नट होता. माझ्याहून तो बारा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर त्यानंच मला वळसंगहून सोलापूरला आणलं, शाळेत घातलं आणि पुढं रेडिओ दुरुस्तीचं काम शिकायला लावलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली, तेव्हा नवी पेठेत एका कापड दुकानाच्या जिन्याखाली माझं स्वतःचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे.

त्या वर्षी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मंडळींचं नाटक व्हायचं होतं. गोष्ट साधीच. शंकराच्या पिंडीला मिठी मारून बसलेलं एक लेकरू, आणि त्याला न्यायला आलेला यम. यम अण्णा होता. लेकराच्या भूमिकेसाठी मास्तरांनी, म्हणजे नाटक बसवणाऱ्या मिलमधल्या कारकुनानं, अण्णाच्याच आठ वर्षांच्या मुलीला घेतलं होतं.

यमाचा टोप गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या एका कारागिरानं केला होता. आत बांबूच्या कामट्या, वर खळ लावलेल्या रद्दीचे थर, दोन्ही बाजूंना रेड्याची पोकळ शिंगं. टोप नाकापर्यंत खाली यायचा. डोळ्यांपुढं काळी जाळी आणि कानांवर जाड पाखं. लोक बघूनच घाबरायचे.

एका रविवारी अण्णा तो टोप गोणपाटात गुंडाळून माझ्या दुकानात आला.

"ह्यात आवाज दबतोय," तो म्हणाला. "समोरचा काय बोलतोय कळत न्हाय. काल तीनदा चुकलो. मास्तर लई बोलला. पाखांना भोकं पाडून देतोस का?"

मी टोप स्वतःच्या डोक्यावर चढवला. रस्त्यावरच्या टांग्याची घंटा ऐकू आली, वरच्या दुकानात कापड फाडल्याचा आवाज ऐकू आला, शेजारचा सोनार गिऱ्हाइकाशी हळू बोलत होता तेही कळलं. आवाज थोडा दबका होता, एवढंच.

मी टोप उतरवला. अण्णा माझ्या तोंडाकडं बघत उभा होता. तो नेहमीच बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा. माग खात्यात शेकडो माग एकदम चालतात. तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे ओठांवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. अण्णाला ही सवय लागलीय असंच आम्ही धरून चाललो होतो. मी पाठ फिरवली, टोप टेबलावर ठेवत ठेवत नेहमीच्या आवाजात म्हणालो, "अण्णा, च्या घेणार का?"

उत्तर आलं नाही.

"अण्णा, घर पेटलंय."

मी वळलो तर तो टेबलावरचा एक उघडा रेडिओ बघत होता. माझा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. त्यानं दाराबाहेर एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "उजवा कान गेल्याला लई दिस झालं. डावा हाय जरासा. कुणाला सांगू नको. तुझ्या वहिनीला बी न्हाय."

"किती दिवस झाले?"

"पोरगी रांगत हुती तवापासनं."

नाटकात त्याचं आजवर निभावलं, कारण समोरच्या नटाचे ओठ दिसायचे. यमाच्या जाळीतून ते दिसत नव्हते. ऐकू यायचं यंत्र पुण्या-मुंबईकडं मिळतं, हे मला ठाऊक होतं. खिशात डबी, कानापर्यंत वायर. मी ते सुचवलं तर त्यानं हात झटकला. "वायर लावून मिलमधी जाऊ? उद्याच म्हंतील, बहिरा झाला, काढा ह्याला." मग टोपाकडं बोट दाखवून म्हणाला, "हितं आत बसव की काय तरी. हे कुणाला दिसनार न्हाय."

मी आठवडाभर त्या कामाला लागलो. एका निकामी ट्रान्झिस्टरमधला आवाज वाढवणारा भाग तेवढा सोडवून घेतला. जुन्या टेपरेकॉर्डरचा बारका माइक मिळाला. कानात घालायचं बोंडूक रेडिओबरोबरच येत असे, तसली दोन-चार माझ्याकडं पडून होती. पहिल्यांदा माइक टोपाच्या कपाळात बसवला, तर चालू केल्याबरोबर कर्कश शिट्टी वाजली. कानातल्या बोंडकातला आवाज टोपाच्या पोकळीत फिरून परत माइकमध्ये शिरत होता. मग माइक उजव्या शिंगाच्या टोकात नेला, तारा शिंगातून खाली घेतल्या, सेल आणि आवाजाचं बटण मानेमागं बसवलं आणि मधली सगळी पोकळी अण्णानं मिलमधून आणलेल्या टाकाऊ कापसानं ठासून भरली. शिट्टी थांबली. त्या वयात मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

पुढच्या रविवारी दुपारी टोप घेऊन मी अण्णाच्या चाळीतल्या घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होती. पोरगी उंबऱ्यात बसून नाटकातलं बोलणं पाठ करत होती. अण्णानं टोप घातला, मी बोंडूक त्याच्या डाव्या कानात बसवून बटण हळूहळू फिरवलं.

तो एकदम वहिनीकडं वळला. ती परातीत भाकरी थापत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. मग तो पोरीकडं वळला आणि तसाच थांबला.

पोरगी म्हणत होती, "यमलाजा, मी येनाल नाही. माझा देव हितंच हाय, मी त्याला सोडनाल नाही."

"पुन्ना म्हन," अण्णा म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं.

"हिला र म्हंता येत न्हाय?" त्यानं वहिनीला विचारलं.

वहिनीचे हात थांबले. "आवो, आसं काय इचारताय? बोलाय लागल्यापासनं तशीच बोलती की. सगळ्या चाळीला ठावं हाय."

त्याला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांची लेक र ला ल म्हणते हे बापाला त्या दुपारी कळलं. तिचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता, आणि ओठांवरून त्यानं तिचे शब्द वाचले होते ते सगळे त्याच्या मनानं नीट करून घेतलेले. वहिनीलाही त्याच क्षणी सगळं उलगडलं असावं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, नवरा तुटक आहे, पाठमोरा असला की मुद्दाम उत्तर देत नाही. ती पदरानं डोळे पुसत चुलीकडं वळली. पोरगी तेवढी खूश झाली. ती मला म्हणाली, "काका, अण्णा माझं कधी ऐकत न्हाईत. आज ऐकलं."

त्यानंतर तालमीपुरता म्हणून आणलेला टोप घरातच राहिला. पाळी संपवून आला की अण्णा तो डोक्यावर चढवून परसात बसायचा, पोरगी समोर बसून शाळेतलं काहीबाही सांगायची. वहिनी मला म्हणाली, "यमाचा टोप घालून घरात बसत्यात व्हय कुणी? तुमी तरी सांगा." पण मी सांगितलं नाही, आणि तिनंही पुढं तो विषय काढला नाही. परसात त्याच्या बसायच्या जागेवर तिनंच पोतं अंथरून ठेवलेलं मी पाहिलं.

दर दोन-तीन दिवसांनी अण्णा दुकानात यायचा. "जरा वाढव की."

मी वाढवायचो. बटण शेवटाला टेकलं तेव्हा आवाज वाढवणारा तसलाच आणखी एक भाग जोडून दिला. आवाज पुरत नव्हता तो कान आणखी उतरत चालल्यामुळं की त्याची ऐकण्याची भूक वाढल्यामुळं, हा प्रश्न मी त्यालाही विचारला नाही आणि स्वतःलाही नाही. वाढवता येत होतं, म्हणून वाढवलं.

नाटकाच्या दिवशी चाळींमधल्या मैदानात मांडव होता. दिवेलागणीला सुरुवात झाली. मंडपवाल्यानं रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना कर्णे बांधले होते. तालमीत कर्णे नव्हते; त्यांचा मोठा आवाज शिंगातल्या माइकमध्ये शिरणार, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी आत पडद्याच्या कडेला उभा होतो.

यम आला तेव्हा पुढची लहान पोरं रडायलाच लागली. अण्णाचा पहिला संवाद बिनचूक झाला. मग पोरगी पिंडीला मिठी मारून बोलू लागली आणि तिच्यावर फास टाकायला अण्णा खाली वाकला. वाकताना टोप पुढं सरकला. आतला घामेजलेला कापूस सुटला असावा. मला टोपातून बारीक शिट्टी ऐकू आली. माझ्यापर्यंत ती बारीक होती. त्याच्या कानाच्या पडद्याला चिकटून ती काय असेल हे मी जाणत होतो.

मी हात हलवून खुणा केल्या, "काढ, टोप काढ." जाळीतून त्यानं मला पाहिलं. नक्की पाहिलं, कारण टोपाचं तोंड क्षणभर माझ्याकडं वळलं. मग त्यानं ते परत पोरीकडं फिरवलं.

तिचं बोलणं लांबलचक होतं. एक पानभर. मास्तरांनी ते मुद्दाम वाढवलं होतं, कारण ती गोड बोलायची. ती सगळं बोलली, एकेका ल सकट. शिट्टी वाजतच होती. मागच्या लोकांना वाटलं यमाचा काही चमत्कार आहे, ते हसले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णानं आपलं प्रत्येक वाक्य वेळेवर घेतलं.

आत आल्यावर मी त्याच्या डोक्यावरून टोप ओढूनच काढला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि हात डाव्या कानावर होता.

"बटण का न्हाय बंद केलं?" मी विचारलं.

त्यानं माझे ओठ वाचले. "तिचं बोलनं व्हायचं हुतं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याच्या कानात एक आवाज बसला, तो शेवटपर्यंत गेला नाही. पाण्याचा नळ लांबवर चालू असल्यासारखा, असं तो सांगायचा. पंधरा दिवसांनी टोप घालून बघितला. मी बटण शेवटाला नेलं, पोरगी त्याच्यासमोर ओरडत होती. त्यानं मान हलवली आणि टोप उतरवून ठेवला.

मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी तपासलं, कुठं काम करता विचारलं आणि माग खातं म्हटल्यावर पुढं फारसं विचारलंच नाही. "नस वाळलीय," ते मला म्हणाले. "मिलच्या आवाजानं. हे व्हायचंच होतं. अलीकडं काही मोठा आवाज बिवाज झाला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

अण्णा समोरच्या खुर्चीवर बसला होता आणि माझ्या तोंडाकडं बघत होता.

तिथून आम्ही चालतच घरी निघालो. मग तो थांबला. "सांगून तरी काय झालं असतं? गेल्यालं येतंय व्हय माघारी?" त्याचा आवाज आता उगीचच मोठा लागायचा, रस्त्यावरची माणसं वळून बघायची. "तू काय मनावर घेऊ नको." एवढं बोलून तो पुढं चालू लागला. मला काही सांगायचं होतं, पण तो पुढं होता आणि त्याची पाठ माझ्याकडं होती.

टोपातल्या तारा काढून मी तो मंडळींना परत केला. पुढच्या वर्षी यम दुसऱ्यानं केला. अण्णानं नाटक सोडलं, मिल मात्र सोडावी लागली नाही. माग खात्यात बहिऱ्या माणसाचं काहीच अडत नव्हतं.

पोरीला शाळेतल्या एका बाईंनी र म्हणायला शिकवलं. शिकायला तिला वर्ष लागलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी ती पळत घरी आली, अण्णासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "रस्ता. राजा. रविवार." अण्णानं तिच्या ओठांकडं नीट बघितलं. मग "झ्याक" म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती माझ्याकडं बघून हसली. मी दुसरीकडं बघितलं.

त्याच्यानंतर दोनेक वर्षांनी वळसंगहून एक बाई वडलांना घेऊन माझ्या दुकानात आली. गावात कुणीतरी तिला यमाच्या टोपाचं सांगितलं होतं. म्हातारा पायरीवर बसला. बाई म्हणाली, "तुमी भावाला ऐकू येनारं कायतरी करून दिलं हुतं म्हनं. आमच्या बाबास्नी बी द्या की. लई काय नको, नातवंडं बोलल्यालं कळलं तरी बास हाय."

माझ्या टेबलाच्या खणात ते सगळं तसंच होतं, माइक, बोंडूक, जोडलेला भाग. मी खणाला हात लावला नाही. "त्यानं काही होत नाही बाई," मी म्हणालो. "उगीच लोक सांगतात."

तिनं वडलांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, हितं होत न्हाय म्हंत्यात."

म्हाताऱ्यानं लगेच मान हलवली. त्याला ऐकू आलं होतं. अजून बरंच येत होतं. कमी आवाजाची एक साधी डबी करून दिली असती, तर त्याचं भागलं असतं. तो काठी टेकत उठला, मला नमस्कार केला, आणि दोघं नवी पेठेच्या गर्दीत शिरली. कोपऱ्यापर्यंत त्यांची पाठ मला दिसत होती. मी त्यांना हाक मारली नाही.