पहिली सीडी पुन्हा एकदा

बुधवारी सकाळी तासगावच्या मंडईत मेथीची जुडी निवडत होतो, तेवढ्यात फोन वाजला. रेहानाभाभी होत्या. "भाऊ, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. दस्तगीरभाई गेले, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आता शुक्रवारचा निकाल कोण देणार! लाज वाटते सांगायला, पण आला खरा.

दस्तगीरभाई बेदाण्याचे व्यापारी. मी एसटीतला वाहतूक नियंत्रक. जन्मभर स्टँडवर गाड्या पुकारून कानांचं पार वाटोळं झालेलं. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्याकडे बेदाणा साफ करायचं यंत्र बसवायला एक इटालियन मेकॅनिक आला होता. गडी काम करताना गायचा. जाताना एक सीडी देऊन गेला. इटलीतल्या एका जुन्या संगीतकाराचं नाटक, सगळं गाऊन म्हटलेलं. त्या संगीतकाराचं नाव उच्चारताना माझी जीभ अडखळते, म्हणून लिहीत नाही. आमच्या सांगलीकडच्या माणसाला नाटकात गाणं नवं नाही, पण दस्तगीरभाई झपाटलेच. एकाच बागेतली द्राक्षं चार शेडवर वाळवली तर बेदाणा चार चवींचा निघतो, गाण्याचंही तसंच असणार म्हणाले. शिरवळला कारखान्यात नोकरीला असलेली त्यांची लेक तीच गाणी वेगवेगळ्या गायिकांची शोधून मागवू लागली, आणि दर शुक्रवारी नमाज, जेवण उरकलं की दुकानाच्या माडीवर आम्ही दोघं बसू लागलो.

बसायची रीतही त्यांचीच. ते भिंतीकडे तोंड करून आपल्या जुन्या लाकडी खुर्चीत बसायचे. मी मागे उभा राहून सीड्या लावायच्या, नाव सांगायचं नाही, फक्त नंबर पुकारायचा. वहीत ते प्रत्येक नंबरापुढे बेदाण्याला लावतात तशी प्रत लिहायचे, पहिली, दुसरी, तिसरी, आणि सोबत शेरा. इटालियनचं एक अक्षर कळत नव्हतं, पण कान काय होता हो! एका नाटकात आजारी बाई गेलेल्या दिवसांचा निरोप घेते. ते गाणं एका मोठ्या नावाजलेल्या गायिकेनं म्हटलेलं ऐकून म्हणाले, "लय गोड गाती, पर हिला मराय आलंय आसं वाटंना." मी सीडीवरचं नाव वाचून भारावून गेलो होतो. पुढची सीडी लावली.

आणि एकदा माझ्या हातून ते झालं. पाच सीड्यांची पाळी होती. पाचवी, जिची ते दोन महिने वाट बघत होते, ती निसटली आणि माझ्याच चपलेखाली आली. गाण्याच्या आवाजात त्यांना कळलं नाही. मी घाबरलो आणि 'नंबर पाच' म्हणून पहिलीच पुन्हा लावली. पहिलीला त्यांनी चौथी प्रत दिली होती. या 'पाचवी'ला पहिली दिली आणि डोळे पुसले. आठ दिवस मला घास गोड लागला नाही. एवढ्या कष्टानं जमलेली मैत्री आता तुटणार, असं धरूनच पुढच्या शुक्रवारी सगळं सांगून टाकलं. त्यांनी वही उघडून दोन्ही प्रती पाहिल्या. मग म्हणाले, "कंट्रोलर, सीडी फुटली तर फुटली. पर त्या बाईवर मी अन्याव केला की. तिनं दोन्ही येळंला तेवढाच जीव वतला. च्या पिऊन बेदाणा चाकल्यागत झालं, माज्याच तोंडात च्याची चव हुती."

त्या दिवसापासून नियम झाला. कितीही सीड्या असोत, शेवटी पहिली पुन्हा ऐकायची आणि मगच निकाल. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. असं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी तेच निरोपाचं गाणं होतं, चार गायिकांचं. चारही झाली आणि लाईट गेली. पहिली पुन्हा ऐकायची राहिली. "पुढच्या शुक्रवारी," म्हणाले, "तवर निकाल न्हाई." जिना उतरताना मला म्हणाले, दमल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, ऊन आहे.

चाळिसावा झाल्यावर भाभींनी बोलावून घेतलं. वीस वर्षांत त्या माडीवर कधी आल्या नव्हत्या. खाली बायकांसोबत बेदाणा निवडत असायच्या. वही उघडीच होती. चार नंबर, पुढे कोरं. मी पहिली सीडी लावायला गेलो, तर म्हणाल्या, "तुमी बसा. मी लावते." मी भिंतीकडे तोंड करून दस्तगीरभाईंच्या खुर्चीत बसलो... पहिल्यांदाच.

बाई गायला लागली. मध्येच एका ठिकाणी ती थांबते, श्वास संपल्यागत. मी नकळत पुढे झुकलो आणि खुर्ची करकरली.

"त्या शुक्रवारी पण ह्यांची खुर्ची हितंच वाजली हुती," भाभी मागून म्हणाल्या. "खालनं ऐकलं मी. चारी बायकांत ह्या एकीलाच."

गाणं संपेपर्यंत मी मान वळवली नाही. मग वही मांडीवर घेतली आणि पहिल्या नंबरापुढे लिहिलं, पहिली प्रत. भाभींनी ते वाचलं आणि न विचारता सीडी परत लावली.