थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो

हाफटाइमला रेफरी पाणी पितो, घाम पुसतो, सावली बघून बसतो. दाभाडे सरांचं तसं नव्हतं. पहिल्या हाफमध्ये सगळ्यात जास्त शिव्या कोणी दिल्या ते त्यांच्या बरोबर लक्षात असायचं, आणि शिटी वाजली की ते तडक त्या माणसाकडे चालत जायचे. आता मार बसतोय म्हणून तो आधीच चार पावलं मागे सरकायचा. सर त्याच्यासमोर हात जोडायचे आणि म्हणायचे, "शिव्या द्या, माझं काय म्हणणं नाय. पण नियम तरी बरोबर धरून द्या."

मला ते असेच भेटले. छावणीकडच्या मैदानावर मी "हँड! हँड! आंधळा हाय का रेफरी?" म्हणून घसा फाडत होतो. हाफटाइमला हा काळासावळा, किडकिडीत माणूस बॉल घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने तो बॉल माझ्या अंगावर टाकला. माझ्या कोपराला लागून तो खाली पडला. "आता सांगा, तुम्ही बॉलला हात लावला, का बॉल तुमच्या हाताला लागला?" मी म्हणालो, लागला. "मग तुम्हाला शिक्षा कशापायी करू?" भोवतालची पोरं खदाखदा हसली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या रविवारी मी आपणहून त्यांच्याकडे गेलो, आणि वर्षभरात त्यांचा लाइन्समन झालो, म्हणजे कडेच्या रेषेवर उभा राहून ऑफसाइड दिसला की झेंडा वर करणारा.

ते मूळचे वैजापूरकडचे. शेंद्र्याला एका कारखान्यात तपासणीचं काम करायचे; दिवसभर सुटे भाग मापायचे आणि मापात न बसलेला बाजूला काढायचा. कारखान्याच्या टीममध्ये खेळता खेळता फुटबॉल अंगात भिनला आणि गुडघा गेल्यावर त्यांनी शिटी हातात घेतली. खरे सर ते कधीच नव्हते, पण समजावून सांगायची खोड अशी की सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. 'आधी बॉलला पाय लागला, मग फाउल कसा?' असं कोणी म्हणालं की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. "अरे, बॉलला पाय लावला अन् मंग त्याची तंगडी मोडली, तर ते माफ व्हय रे?"

लोकांचे असे गैरसमज त्यांनी एका कागदावर मराठीत लिहून काढले, झेरॉक्स मारल्या आणि सामन्याआधी वाटल्या. दुसऱ्या हाफपर्यंत त्यातल्या निम्म्या कागदांवर लोक भेळ खात होते. सरांनी एक तेलकट कागद उचलला, चिरमुरे झटकले आणि वाचून म्हणाले, "ऑफसाइडचा हाय. हा लई महत्त्वाचा व्हता." घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला. त्या दिवशी मला हसू आलं होतं.

आता त्या फायनलबद्दल. ती सांगायची म्हणजे माझी लाज काढायची, पण ती टाळून दाभाडे सर सांगता यायचे नाहीत.

स्पर्धा नानांची. नाना म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ, संघही त्यांचा आणि शाळाही त्यांची. त्या शाळेत खेळशिक्षक म्हणून माझी नेमणूक नानांच्या सहीसाठी अडकलेली होती. शेवटची मिनिटं, शून्य-शून्य. बॉल माझ्या समोरच रेषेबाहेर गेला. पाहुण्या संघाच्या खेळाडूने तो दोन्ही हातांनी लांब आत फेकला. त्यांचा एक जण नानांच्या बचावाच्या मागे एकटाच उभा होता. त्याने बॉल पायाने घेतला आणि गोल मारला. असं मागे जाऊन पास घेणं म्हणजे ऑफसाइड, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण थ्रो-इनवर, म्हणजे हाताने आत फेकलेल्या बॉलवर, ऑफसाइड नसतोच, हे कोणाला माहीत नसतं. मला माहीत होतं. मी झेंडा वर केला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोल दिला.

"ऑफसाइड! ऑफसाइड!" म्हणत अख्खं मैदान आत घुसलं. कोणीतरी सरांच्या कानाखाली वाजवली. नानांनी माझा खांदा धरला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "सुनील, ऑफसाइड व्हता ना? तू झेंडा वर करणार व्हता का नाय?"

 सर माझ्यापासून तीन पावलांवर गाल धरून उभे होते. मी म्हणालो, "करणारच होतो. सरांनी त्याआधीच गोल दिला."

स्पर्धा नानांची, त्यांनी गोल रद्द केला. पेनल्टीवर नानांचा संघ जिंकला.  सरांनी गळ्यातली शिटी काढली, बॅग उचलली आणि मोटारसायकल ढकलत गर्दीतून बाहेर गेले. त्यानंतर त्यांना एकाही सामन्याला कोणी बोलावलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या नेमणुकीवर सही झाली.

दोन वर्षं मी त्यांची गल्ली टाळली. मग कळलं, पोटाचा कॅन्सर आहे, दिवस थोडे आहेत. चिकलठाण्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हा खाटेवरचा माणूस मला आधी ओळखूच आला नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा घेऊन आल्या आणि तिथेच भिंतीशी बसल्या. "सर, त्या दिवशी मी..." एवढंच म्हणालो आणि मला रडू फुटलं.

"माहित्ये रे. तुझ्याकडं बघूनच तर गोल दिला व्हता मी. झेंडा खाली व्हता तुझा."

"सर, माझी नोकरी..."

"ती बी माहित्ये. लागली ना? मंग झालं." त्यांना दम लागला. मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, "परवा इथं समोर पोरी खेळत व्हत्या. थ्रो-इन झाला, गोल झाला, अन् एक म्हणती ऑफसाइड. दुसरी म्हणती, थ्रो-इनवर नसतो. तर पहिली काय म्हणती, 'असतो, दाभाडे सरांच्या मॅचमधी ठरलंय तसं.' माझं नाव घेऊन, सुनील! मला उठून खाली जाता येईना."

सरांनी माझ्याकडे मान वळवली.

"माझ्याबद्दल काय बी बोलू नको कोणाला. नियम तेवढा खरा सांग. चारचौघांत सांग. सांगशील?"

"सांगतो सर," मी म्हणालो. काकू माझ्याकडे बघत होत्या.

त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी सर गेले. शोकसभा नानांनीच आमच्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. खुर्च्या मी मांडल्या, फोटोला हार मी घातला. हॉल भरलेला होता. खेळाडू, पंच, शहरातले सगळे फुटबॉलवाले. नाना बोलायला उभे राहिले. "माणूस म्हटलं की चूक व्हायचीच. दाभाडे सरांच्या हातून बी एकदा झाली, त्या ऑफसाइडच्या टायमाला. पण आपण मोठ्या मनानं पोटात घातली." लोकांनी माना डोलावल्या.

मी उठलो. खरंच सांगतो, बोलायलाच उठलो होतो. वाक्य तोंडात तयार होतं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला सर, तुम्ही तर त्यांचे लाइन्समन." सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. पहिल्या रांगेतून काकू बघत होत्या.

मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. काकू तेवढ्या बसून राहिल्या.